महादू सांधेवाल्याची शांत मुंबई

महादू सांधेवाला मुंबई बघायचा ती डोळे मिटून. हे मी थट्टेने म्हणत नाही. लोणावळ्याहून सकाळच्या गाडीने हा माणूस मुंबईला जायचा, एखादी बरी जागा गाठायचा, तिथे मांडी ठोकायचा आणि डोळे गच्च मिटून घ्यायचा. अर्ध्या तासाने उघडायचा, धोतर झटकायचा आणि पुढच्या जागेकडे निघायचा. संध्याकाळच्या गाडीने घरी. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, "काय महादू, कशी काय मुंबई?" की गंभीरपणे सांगायचा, "लय चांगली हाय वासाला."

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि रेल्वेच्या चाळीला लागून असलेल्या एका खोलीत बिऱ्हाड करून राहत होतो. भिंतीपलीकडे महादू. त्याचं काम यार्डात सांधे बदलण्याचं. त्याने खटका ओढला की मेल आपल्या वाटेने जायची आणि मालगाडी आपल्या. माणूस बुटका, निळ्या कोटाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली आणि स्वभावाने खटक्यासारखाच. एकदा या बाजूला पडला की हलवायला दोन माणसं लागायची. "ठरलं म्हंजे ठरलं," हे त्याचं पालुपद. स्टेशनावरच्या चहावाल्याने एकदा त्याला निवलेला चहा दिला. महादूने तिथे पुन्हा चहा प्यायचा नाही असं ठरवलं. तो चहावाला गेला, त्याचा जावई आला, दुकानाची जागा बदलली, तरी महादू दुकानापुढून जाताना मान वळवून जायचा.

असल्या माणसाने एक दिवस ठरवलं की आक्काला मुंबई दाखवायची.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. त्यांचं गाव बेडशाच्या लेण्यांखाली. घरची चार भाताची खाचरं होती, पण बांधावरून भाऊबंदांशी भांडण जुंपलं, कज्जा झाला आणि खाचरं गेली. पुढे साथीच्या तापात आईबाप गेले. आक्का त्या आधीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिने सहा वर्षांच्या महादूला खांद्यावर घेतलं आणि चालत लोणावळा गाठलं. बंगल्यांतून धुणीभांडी करून तिने त्याला वाढवलं आणि पुढे रेल्वेत चिकटवलं. स्वतःसाठी तिने जन्मात एकच गोष्ट मागितली. मुंबईच्या गाड्या रोज दारावरून जायच्या, त्यांच्याकडे बघत ती एकदा म्हणाली होती, "समिंदर केवढा असतो रं, म्हादू? येकदा बघाया पायजे."

महादूला पास होता. तो म्हणाला, "फुडच्या साली जाऊ." पुढच्या साली पावसाने घाटात दरड आली, मग रजा मिळाली नाही, मग आणखी काही निघालं. अशी किती सालं गेली कोण जाणे. मग आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दारावर आलेल्या एका वैदूने सुई घालून तो काढतो म्हणून सांगितलं आणि दोन्ही डोळे घालवले.

त्यानंतर महिनाभर महादू कुणाशी बोलला नाही. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाला, "मास्तर, आक्काला मुंबई दाखवनार. ठरलं म्हंजे ठरलं."

चाळ हसली. आंधळ्या बाईला मुंबई काय दाखवणार? मीही मनातून हसलो, ते कबूल करतो. आक्का मात्र भडकली. "मी काय बघनार, डोंबल? मलाच लोक बघतील. न्हाई येनार जा."

महादूने वाद घातला नाही. तो तयारीला लागला.

त्याचं म्हणणं साधं होतं. "कलकल झाली की आक्काला काय बी दिसत न्हाई, मास्तर. जागा शांत पायजे. बसाया दगुड पायजे, सावली पायजे, आन् कुनी उठ म्हनाया नको." अशा जागा आक्कासारखे डोळे मिटून हुडकायच्या, त्याही एक पै न मोडता, कारण त्याच्या पगारात मुंबई फक्त बघता येत होती, विकत घेता येत नव्हती. भाकरी फडक्यात, पाणी सार्वजनिक नळाचं आणि वाहन म्हणजे पाय. जागा पसंत करायला त्याने मापही काढलं होतं. बेडशाच्या लेण्यात जी शांतता, ती त्याच्या लेखी पुरी. बाकी सगळी मुंबई तो त्या मापाने मोजायचा. "भुलेश्वराची फुलांची गल्ली सांजच्याला पाव लेनं हाय. पर वास रुपया."

दिवाळीच्या सुटीत त्याने मला बरोबर ओढलं. गाडी ठाण्याच्या खाडीवर आली तसं सगळे खिडकीकडे वळले आणि हा पाठ फिरवून डब्याच्या लाकडी भिंतीकडे बघत बसला. मी म्हटलं, "अरे, पाणी बघ." तो म्हणाला, "राहू द्या." मला वाटलं, पुलाची भीती वाटत असेल. रुळांवर जन्म गेलेल्या माणसाबद्दल हा तर्क मला कसा सुचला, देव जाणे.

त्या दिवशी मी जी मुंबई पाहिली ती पुन्हा कुणी मला दाखवली नाही. मशीद बंदरला मसाल्याच्या वखारींच्या मागे एक बोळ आहे. तिथे दुपारी हमाल झोपलेले असतात आणि सगळी हवा दालचिनीची. अत्तरवाल्याच्या पायरीवर महादू नुसता बसला. आतला म्हातारा मियाँ त्याला ओळखत होता. "आलात, सांधेवाले? बसा," म्हणून त्याने गुलाबाचा फाया हातावर टेकवला. विकत काही घ्या असं एका शब्दानेही म्हणाला नाही. मोठ्या कोर्टात महादूने मला मागच्या बाकावर, बरोबर विजेच्या पंख्याखाली नेऊन बसवलं आणि स्वतः डोळे मिटले. पट्टेवाला धावत आला. "ए, ही झोपायची जागा आहे का?"

"झोपलो न्हाई," महादू डोळे न उघडता म्हणाला. "न्याय ऐकतोय."

आम्हाला बाहेर काढलं. "कोर्ट बाद," महादूने निकाल दिला. "वारा चांगला, मानसं वाईट."

खरी फजिती पुढे झाली. एका बागेच्या कट्ट्यावर तो डोळे मिटून, हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता. एक पारशी आजोबा काठी टेकत आले, थबकले आणि त्यांनी हळूच त्याच्या तळहातावर एक आणा ठेवला. महादूला कळेपर्यंत आजोबा वीस पावलं पुढे गेले होते. हा उठला आणि "ओ शेठ, ओ शेठ" करत त्यांच्यामागे पळत सुटला. आजोबांनी वळून पाहिलं, आंधळा धावतोय हे बघून ते ओरडले, "अरे, ए तो दोडे छे!" माणसं जमली. आंधळ्याचं सोंग घेणारा भामटा म्हणून महादूची गचांडी धरली गेली आणि सभ्य पोशाखातला मी त्याचा साथीदार ठरलो. मी इंग्रजीत रदबदली केली, महादूने आणा परत केला, तेव्हा सुटलो. मी रागाने लाल झालो होतो. महादू शांतपणे म्हणाला, "ही जागा बी बाद. आक्काला कुनी पैसं दिलं तर ती काठीच घालंल."

शेवटी वाळकेश्वराच्या मागे, खडकांपाशी जायचं होतं. तिथे तर त्याने पायऱ्यांच्या वरूनच डोळे मिटले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरू लागला. दोनदा घसरला, एकदा मला घेऊन घसरला. खाली खडकावर बसला, वारा तोंडावर घेतला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मास्तर, हे पाऊन लेनं हाय. हितंच." परत वर येईपर्यंत डोळे मिटलेलेच. तालीम करायची तर ती पुरी, असा त्याचा खाक्या मला ठाऊक होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

जागा ठरल्या. आता आक्का ठरायची होती आणि आक्का याचीच बहीण.

महादूने तिला जाऊ म्हणणंच सोडून दिलं. त्याऐवजी रोज सांजेला, पाळी संपली की तो तिला हाताला धरून यार्डात न्यायचा. बाजूच्या रुळावर एक रिकामा डबा दुरुस्तीसाठी उभा असायचा. स्टेशनमास्तरांची परवानगी काढून तो आक्काला त्या डब्यात चढवायचा आणि उतरवायचा. "ही येक पायरी. ही दुसरी. दांडी धर. आता वळ." अख्खी चाळ बघायला जमायची. आक्का तोंडाने शिव्यांचा पट्टा सोडायची आणि पायाने चढायची. पंधरा दिवसांत ती माझ्यापेक्षा चपळाईने चढायला लागली. एक दिवस डब्यात बसकण मारून म्हणाली, "मास्तर, सांगा ह्याला. चडून चडून गुडघं गेलं माजं. ह्या परास येकदा खरंच ने म्हनावं, म्हंजे सुटंल तरी मी."

पौषातल्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो. खाडीच्या पुलावर महादूने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आक्काने मात्र पुलाचा आवाज बदललेला ओळखला आणि विचारलं, "हाच का?" महादू घाईने म्हणाला, "न्हाई न्हाई, ही नुसती खाडी."

राणीच्या बागेत एक मोठा दगडी हत्ती आहे. आक्काने तो पायापासून चाचपत नेला, सोंडेच्या तुटक्या बुडख्यापाशी थांबली आणि म्हणाली, "बेडशाला खांबावर हत्ती हायत, तसलाच. तुला आठवतंय का रं? मी कडेवर घिऊन दावलं हुतं." महादूला आठवत होतं. अत्तरवाल्या मियाँने आक्कासाठी आत स्टूल मांडलं आणि एकामागून एक कुप्या उघडल्या. आक्काने केवडा ओळखला, वाळा ओळखला आणि हिना हुंगून म्हणाली, "ही कुना श्रीमंताची बायकू." मियाँ इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि पायी मुंबई पालथी घालणाऱ्या महादूने तिथून वाळकेश्वरापर्यंत चक्क घोडागाडी केली. आक्का राणीसारखी ताठ बसली होती.

खडकांपाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भरती होती. आक्का खडकावर बसली, पाय पुढे केले. एक लाट तिच्या घोट्यांवरून गेली तशी तिने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हादू, कसा हाय रं? सांग की."

मी महादूकडे वळून पाहिलं. त्याचे डोळे गच्च मिटलेले.

"अरं, सांग की. तू तर कितीदा आलास."

"मला काय म्हाईत, आक्का?" तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी तरी कुटं बघितलाय? तू मागितला व्हतास बघाया. तुज्या आदी मी कसा बघू?"

मला एकदम सगळं कळलं. खाडीवर फिरवलेली पाठ, पायऱ्यांवरचं घसरणं. तालीम समजून मी ज्याला हसत होतो ती त्याने स्वतःला करून घेतलेली शिक्षा होती. मला माझी लाज वाटली.

आक्काचा हात हवेत फिरत त्याच्या तोंडापर्यंत पोचला. तिने बोटांनी त्याच्या मिटलेल्या पापण्या चाचपल्या.

"मुडद्या," ती म्हणाली, "दोगंबी आंधळं आलो व्हय रं येवढ्या लांब? उघड डोळं. उघड आन् सांग."

महादूने डोळे उघडले. तो डावीकडे बघे, उजवीकडे बघे, पुन्हा समोर बघे.

"आक्का," शेवटी तो म्हणाला, "श्रावनात आपली खाचरं भरून ऱ्हायची न्हवं? तसं हाय. पर लय हाय. नजर जाईल तितवर पानी. आन् बांध न्हाई, आक्का. कुटंच बांध न्हाई."

आक्काने मान वर केली. "येक बी न्हाई?"

"येक बी न्हाई."

"मंग कुनी भांडत नसंल," आक्का म्हणाली. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तोंड पाण्याकडे केलं. "आता तू गप ऱ्हा जरा. मला बघू दे."