पांढरा टाचवाला

बाथरूमची कडी आतून लावून बूटवाले बादलीत दोन्ही पाय बुडवून बसले होते. पाणी कोमट, त्यात मूठभर मीठ, आणि पाय असे लाल की पाण्यालाच चटका बसावा. बाहेरून बायकोने दार वाजवलं.

"अहो, सायकलवरून आल्या आल्या अंघोळ झाली ना तुमची?"

"परत घाम आला."

"मग पाणी ओतल्याचा आवाज कसा येत नाही?"

"सावकाश चाललंय."

"आणि मिठाची बरणी कशाला नेलीत आत?"

आवाज होण्यापुरतं एक तांब्या पाणी बूटवाल्यांनी उगीच भिंतीवर फेकलं. पन्नाशी उलटलेला, वडिलांचं दुकान चालवणारा माणूस स्वतःच्याच घरात चोरून पाय भिजवत बसतो, याचं त्यांना स्वतःलाही हसू आलं. पण हसताना अंगठा हलला आणि हसू तिथेच विरलं.

लांब सायकल चालवली की हे असं व्हायचं. निघाल्यावर सुरुवातीला सगळं झकास. मग चवड्याखाली मुंग्या, मग बोटं बधिर, आणि त्यानंतर पेडलच्या जागी कुणीतरी तापलेला तवा बसवल्यासारखी आग. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर त्याने चारचौघांत सांगितलं असतं, चौघांनी चार उपाय सुचवले असते आणि विषय संपला असता. पण हा पाय गावातल्या सगळ्यांत नावाजलेल्या बुटांच्या दुकानदाराचा होता. बूटवाल्याला त्याचाच बूट चावतो हे बाहेर कळलं, तर दुकानात पाय ठेवणार कोण?

त्यातून बूटवाल्यांची ख्याती साधीसुधी नव्हती. त्यांची ख्याती होती नजरेची. गिऱ्हाईक उंबरठ्यातून आत आलं की त्याच्या पायांकडे एकदा बघून ते म्हणायचे, "सात. डावा किंचित मोठा," आणि सरळ खोकं काढायचे. लोक अवाक व्हायचे. वडिलांच्या काळात असं नव्हतं. वडिलांकडे सरकत्या पट्टीची एक लाकडी फळी होती. गिऱ्हाइकाला तिच्यावर उभं करून दोन्ही पायांचं माप घेतल्याशिवाय ते खोक्याला हात लावत नसत. बूटवाल्यांनी दुकान हातात घेतलं आणि फळीला निवृत्त केलं. वाऱ्याने दुकानाचं दार आपटायचं, म्हणून ती दाराखाली सारून दिली. ती आजतागायत तिथेच होती.

"एकदा माप घेऊन बघितलं तर काय बिघडतं?" गल्ल्यावर बसलेली बायको अधूनमधून विचारायची.

"नजर असताना फळी कशाला?" बूटवाले म्हणायचे. "आणि बूट कसा फिट्ट बसला पाहिजे. सैल बूट घालणारा माणूससुद्धा सैल असतो."

अशी वाक्यं बोलताना माणसाला फार बरं वाटतं. ती पुढे आपल्याच अंगाशी येतात तेव्हा कुणी बाजूला नसलं म्हणजे मिळवली.

सायकलचं हे लचांड मागे लागलं ते कॅप्टनमुळे. कॅप्टन कधी सैन्यात नव्हते. गळ्यात शिट्टी असायची, एवढ्यावरच त्यांना ती पदवी मिळाली होती. दर रविवारी सायकलवर लांब जाणाऱ्या मंडळींचे ते म्होरके. एका सकाळी ते सगळी टोळी घेऊन दुकानात आले. "सगळ्यांना सायकलचे बूट तुमच्याकडूनच," ते म्हणाले, "पण तुम्हीही आमच्याबरोबर यायचं." बूटवाल्यांनी टोळीला रांगेत उभं केलं आणि रांगेपुढून चालत जात नंबर सांगितले. मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठी त्यांनी न बघताच आठ नंबर काढला. लग्नातला बूट आठचा होता, तेव्हापासून ते आठच घालत होते.

आणि पुढच्याच रविवारी गावाबाहेरच्या पुलावर पायाने पहिला हिसका दाखवला. बूटवाले थांबले. थांबले म्हणजे त्यांना थांबावंच लागलं. शिट्टी वाजली आणि सगळी टोळी मागे वळली.

"काय झालं बूटवाले? चेन पडली?"

खरं सांगायची सोय नव्हती. तेवढ्यात समोरच्या तारेवर एक पाखरू दिसलं.

"पक्षी," बूटवाले म्हणाले.

"कोणता?" बँकेतल्या तरुण कॅशियरने विचारलं. त्याला सगळ्याची माहिती हवी असायची.

बूटवाल्यांना कावळा, चिमणी आणि कबूतर एवढेच पक्षी ठाऊक होते. तारेवरचा या तिघांपैकी नव्हता. त्यांच्या डोक्यात आयुष्यभर जे भरलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"पांढरा टाचवाला."

"मोबाईलवर सापडत नाहीये, काका."

"नवीन माल आहे. तिकडे आला नसेल अजून."

मंडळी मान वर करून तारेकडे बघत राहिली. तेवढ्या वेळात बूटवाल्यांनी नाडी सैल केली, बुटातल्या बुटात बोटं हलवून घेतली आणि पायात थोडा जीव आला. युक्ती फारच सोपी निघाली. पुढच्या वळणावर त्यांनी 'रुंदपंजा' दाखवला, त्याच्या पुढे 'दुहेरी शिवणीचा', आणि परतताना पाय अगदीच पेटला तेव्हा ज्या झाडावर पानंसुद्धा धड नव्हती त्या झाडावर 'आखूड जिभेचा'. टोळी प्रत्येक वेळी थांबली. दातांच्या डॉक्टरीणबाई तर सायकल आडवी टाकून गवतावरच बसायच्या आणि म्हणायच्या, "सावकाश बघू द्या हो त्याला, घाई काय आहे."

घरी मात्र उपायांचा धडाका सुरू झाला. बूटवाल्यांनी पातळ मोजे घातले, मग जाड घातले, मग मोजेच काढून टाकले. बोटांमध्ये कापूस भरून पाहिला. चवड्याऐवजी टाचेने पेडल मारून पाहिलं, तेव्हा कॅशियरने "काका, बदक पण दाखवणार का आज?" असं विचारलं. नंबर बदलायचा विचार काही त्यांच्या मनाला शिवला नाही. नजर चुकेल कशी?

पण खोटं एकदा चालायला लागलं की ते आपल्या पुढे पळतं. बूटवाल्यांच्या पक्षीज्ञानाची कीर्ती गावभर झाली. दुकानात बुटाला आलेलं गिऱ्हाईकही जाताना "अंगणात पिवळं काहीतरी येतं, ते कोण असेल?" असं विचारू लागलं. "शिवण कशी आहे त्याची?" असं ते एकदा बोलून गेले आणि बायकोने गल्ल्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. तेवढ्यात कॅप्टन खूश होऊन आले.

"या रविवारी धरणावर जायचं. घाट चढून. आणि तुमच्यासाठी खास वनखात्यातल्या निवृत्त साहेबांना बोलावलंय. पक्ष्यांवर त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. तुमचा टाचवाला त्यांना बघायचाय."

घाटात न थांबता चढावं तर पाय जाणार, थांबावं तर अब्रू जाणार. न जावं, तर कॅप्टन घरी येऊन शिट्टी वाजवणार. पायही आपलाच आणि अब्रूही आपलीच, यातलं काय वाचवावं हेच बूटवाल्यांना ठरवता येईना.

"पोट बिघडलंय म्हणून सांगू का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"सांगा. नाहीतरी मिठाचं पाणी पोटासाठीच असेल," बायको म्हणाली आणि बरणी परत जागेवर ठेवायला आत गेली.

शेवटी बूटवाले गेले. वनसाहेब सत्तरीचे, काटक, गळ्यात दुर्बीण, पायात कसलेतरी जुनेपुराणे सैलसर बूट. बूटवाल्यांनी ते बूट पाहून मनातल्या मनात नाक मुरडलं. घाट लागेपर्यंत साहेबांनी भराभरा खरे पक्षी दाखवले, नावांसकट, आवाजांसकट. बूटवाले "हो, हो, तोच" म्हणत राहिले. घाटाच्या दुसऱ्या वळणावर चवडा पेटला. तिसऱ्या वळणावर डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या वळणावर त्यांना पुढचा रस्ताच दिसेना. ते उतरले, सायकल कठड्याला टेकवली आणि बोटाने दरीतल्या एका वठलेल्या झाडाकडे दाखवलं.

"पांढरा टाचवाला," ते क्षीण आवाजात म्हणाले.

साहेबांनी दुर्बीण लावली. वर बघितलं, खाली बघितलं, काचा पुसून परत बघितलं.

"त्या झाडावर काहीही नाहीये."

आता सगळं संपलं, उद्यापासून दुकानाला कुलूप, असं बूटवाल्यांच्या मनात आलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढे झाल्या.

"आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. "मला दिसतोय. चांगला मोठा आहे."

"कुठे?" साहेबांनी विचारलं.

"मलाही दिसतोय," कॅशियर घाईघाईने म्हणाला आणि खाली बसून नाडी सोडू लागला. "दोन आहेत. आपण निदान अर्धा तास तरी थांबायला हवं."

कॅप्टननी शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजेना. मग त्यांनी ती काढली, कठड्यावर बसले आणि सगळ्यांदेखत उजवा बूट ओढून काढला. आत अंगठा लालबुंद झाला होता.

"बूटवाले," ते म्हणाले, "मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. पण तुमच्या पक्ष्याची वाट बघतच मी पेडल मारतो. तुम्ही नसतात तर मी पहिल्याच रविवारी पुलावर रडलो असतो."

बघता बघता कठड्याला रांगेने बूट लागले. सगळ्यांची बोटं एकमेकांवर चढलेली, सगळे चवडे सुजलेले. हीच ती रांग, जिच्यापुढून चालत बूटवाल्यांनी नंबर सांगितले होते.

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?" बूटवाल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आता खरोखरच रडवेला झाला होता.

डॉक्टरीणबाई संकोचल्या. "तुम्ही नुसतं बघून नंबर सांगता. म्हणजे तुमचं चुकणार कसं? मला वाटलं माझाच पाय चुकीचा आहे."

एकवेळ शिव्या परवडल्या असत्या. बूटवाल्यांनी खाली वाकून स्वतःचे बूट काढले, आणि त्यांचा पाय पाहून टोळीने सुस्कारा सोडला. वनसाहेब एकटे बूट घालून मजेत उभे होते.

"तुम्हाला नाही त्रास होत?" कॅशियरने विचारलं.

"छे. मी दुसऱ्या दुकानातून घेतो," साहेब म्हणाले. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता.

दुसऱ्या दिवशी बूटवाले दुकानात आले तेव्हा दार वाऱ्याने आपटत होतं. फळी दाराखाली नव्हती. बायकोने ती पुसून, पट्टीला तेल घालून, स्टुलासमोर मांडली होती. कॅप्टनच्या बायकोकडून तिला आदल्या संध्याकाळीच सगळा वृत्तांत कळला होता.

"आता सगळी टोळी येईल बदलून घ्यायला," बूटवाले म्हणाले.

"येऊ दे. आधी तुम्ही या. पाय ठेवा."

"माझा आठ आहे."

"उभे राहा. पूर्ण भार द्या. सायकलवर पाय सुजतो, तेव्हा बोटांपुढे जागा सुटली पाहिजे. मामंजी प्रत्येकाला सांगायचे, मी ऐकलंय." तिने पट्टी सरकवली. ती आठावर थांबली नाही. ती पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि बायकोने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. "साडेनऊ. आणि पंजा रुंद."

"रुंदपंजा," बूटवाले पुटपुटले. मग दोघं एकदम हसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसताना त्यांचा अंगठा दुखला नाही, कारण ते अनवाणी होते. त्या दिवशी जो जो आला त्याला त्यांनी फळीवर उभं केलं. दर वेळी मनातल्या मनात आधी नंबर सांगून पाहिला आणि दर वेळी पट्टीने त्यांना खोटं पाडलं. बायकोने प्रत्येक वेळी विचारलं, "नजर काय म्हणत होती?" त्यांनी प्रत्येक वेळी खरं सांगितलं. इतकी वर्षं लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या, हे काही त्यांना कळेना.

पुढच्या रविवारी टोळी परत घाटाला लागली. पायात मोकळे बूट, बोटांना ऐसपैस जागा. कुणी कण्हत नव्हतं, कुणी थांबत नव्हतं. बूटवाल्यांना तर आपल्याला पाय आहेत याचाच विसर पडला. मान वर करून इकडेतिकडे बघायला ते पहिल्यांदाच मोकळे झाले होते.

चौथ्या वळणावर त्या वठलेल्या झाडाच्या टोकाला एक पक्षी बसला होता. काळाभोर, गळ्याशी तांबूस, आणि दोन्ही पायांना मागच्या बाजूने शुभ्र पिसांचे झुपके. बूटवाल्यांनी डोळे चोळले. पक्षी तिथेच होता.

"थांबा," ते ओरडले. "पांढरा टाचवाला. खराखुरा."

"पुरे आता, काका," पुढून कॅशियर हसत म्हणाला. "आता कुणाचेच पाय दुखत नाहीत."

"अहो, खरंच आहे. एकदा मागे वळून बघा तरी."

"तुमचा डावा चावतोय का?" डॉक्टरीणबाईंनी मायेने विचारलं आणि त्या पेडल मारत पुढे गेल्या. वनसाहेबांनी मानसुद्धा वळवली नाही. कॅप्टनची शिट्टी वरच्या वळणावरून ऐकू आली आणि टोळी दिसेनाशी झाली.

बूटवाले सायकल कठड्याला टेकवून एकटेच उभे राहिले. पाय मुळीच दुखत नव्हता. पक्ष्याने एक पाय उचलला, चोचीने टाच साफ केली आणि मान तिरपी करून बूटवाल्यांच्या नव्या बुटांकडे पाहिलं. मग तो उडून गेला.