सात नंबरनं सोळा लुगडी

“सात नंबरनं सोळा लुगडी. वारा नव्हता हां, साध्या हवेत!”

हे वाक्य मी पहिल्यांदा दातांच्या दवाखान्यात ऐकलं. मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या खुर्चीत पांढराशुभ्र शर्ट घातलेले आणि कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ फोनवर बोलत होते. पलीकडच्या माणसाला काहीतरी शंका आली असावी.

“मोजली की! स्वतः मोजली. नऊ नंबरनं तेरा. आन् मोठ्या लाकडानं चोवीस.”

समोर बसलेल्या बाईंनी न राहवून विचारलं, “इरकल पण आहेत का हो तुमच्याकडं?”

ते गृहस्थ म्हणजे आमचे नवे शेजारी अंबादासकाका, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. आम्ही तेव्हा नुकतेच त्या घरात राहायला आलो होतो.

काका गोल्फ खेळतात. सोलापुरात गोल्फ, असं म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग ‘कुठं?’ असं विचारतात. कुंभारीच्या बाजूला काही हौशी मंडळींनी एक पडीक माळ धरलाय. चेंडू ज्यात घालायचा त्या भोकाभोवती मखमली गवत असावं लागतं म्हणे, इथे चाळलेली रेती आहे. पावसाळ्यात माळ जरा हिरवा दिसतो, एरवी सगळा मातीच्या रंगाचा. पांढरा चेंडू पांढऱ्या दगडांत हरवतो, म्हणून सगळे भगवा चेंडू वापरतात. शेळ्यांना त्या चेंडूंचं काही वाटत नाही.

काका जन्मानं विणकर. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि खूप राग आला की पुन्हा तेलुगू. पुढे त्यांनी टॉवेलचा कारखाना काढला. एकदा परदेशातल्या ऑर्डरसाठी नमुन्याचा टॉवेल आला. त्याच्या एका टोकाला पितळी कडी ठोकलेलं भोक होतं. काकांनी तो नमुना परत पाठवला. वर निरोपही दिला, “फॉल्टी माल हाय. भोक पडलंय आन् झाकायला कडी मारलीय.” एजंटनं फोन करून समजावलं की हा गोल्फचा टॉवेल, तो बॅगेला अडकवायचा असतो. काकांना ते पटेना. टॉवेलला मुद्दाम भोक पाडून घेणारी माणसं असतात तरी कशी, हे बघायला ते पुण्याला गेले आणि परत येताना जुन्या काठ्यांची एक बॅग घेऊन आले. आता कारखाना मुलगा बघतो आणि काका माळ बघतात.

गोल्फच्या बॅगेत डझनभर काठ्या असतात आणि प्रत्येकीचं ठरलेलं अंतर असतं. लहान आकड्याची काठी लांब मारते, मोठ्या आकड्याची जवळ, आणि ‘मोठं लाकूड’ सगळ्यांत लांब. हे अंतर यार्डात मोजतात. माझ्या इंग्रजी शाळेत यार्ड शिकवले होते. वार मला फक्त सोमवार-मंगळवार एवढेच माहीत. मराठी आकड्यांतही एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मी अजून अडखळते. काकांना याची फार मौज वाटायची. कुठल्याही पोरीला म्हणतात तसं ते मला तेलुगूत ‘अम्मा’ म्हणायचे.

“यार्ड म्हंजे वार की, अम्मा. शंबर वार म्हटलं तर डोळ्यापुढं काय येतंय तुझ्या?”

मी विचार केला. काहीच आलं नाही.

“आता अकरा लुगडी म्हण. नऊवारी. आली का? माळावर एकापुढं एक पसरलेली, पदराला पदर लावून?”

आली. अजूनही मला माळ तसाच दिसतो.

शेवटच्या चार पावलांत चेंडू भोकात ढकलायची एक बुटकी काठी असते. तिला लुगडं लागत नाही. “तिला खण पुरतोय,” काका म्हणायचे.

माळावरचा प्रत्येक माणूस आपापल्या काठीचं अंतर फुगवून सांगतो. आयुष्यात एकदा, उतारावर, पाठीमागून वारा असताना चेंडू जिथवर गेला, तोच आकडा हे लोक जन्मभर वापरतात. त्यात खलीलभाई पहिले. त्यांचा ट्रकांचा धंदा, म्हणून ते ट्रकांत मोजायचे. “देख, तेरे से दो ट्रक आगे गया,” म्हणायचे. काका उसळायचे. “कुठला ट्रक? सहा चाकी का दहा चाकी? लुगड्याचं माप जगात एक. तुझा ट्रक रबराचा हाय!” दर रविवारी हे भांडण माळावर सुरू व्हायचं आणि काकांच्या अंगणात, दुसऱ्या चहापाशी संपायचं. मी माझ्या खिडकीतून ऐकायचे. मध्ये बोलायची माझी हिंमत नसायची, पण रविवारी मी कुठे बाहेरही जायचे नाही.

एकटे काकाच फुगवत नसत. मापाच्या बाबतीत ते सोवळे होते. टॉवेल बोटभर कमी भरला तर ते अख्खा गठ्ठा बाजूला काढत. काकूंचा मात्र त्यांच्या आकड्यांवर कधीच विश्वास नव्हता. “सोळा लुगडी म्हणे! नेसवली कुणाला?” असं त्या आत भांडी लावता लावता म्हणत.

मागच्या वर्षी खलीलभाईंची बायपास झाली. कित्येक रविवार काका माळावर एकटेच गेले आणि लवकर परतले. चहा एकदाच व्हायचा. दिवाळीनंतर खलीलभाई पुन्हा येऊ लागले. आम्हाला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. पण नेमके तेव्हापासून काकांचे आकडे घसरू लागले. सात नंबर सोळावरून चौदावर आला, चौदावरून बारावर, आणि मग अकरावर येऊन थांबला. काका ते घरी येऊन स्वतःच सांगायचे, मोठ्यानं, जवळजवळ हौसेनं. “वय झालं, दुसरं काय!”

ज्या माणसाच्या बढाईला कंटाळलो होतो, त्यानं बढाई सोडली आणि आम्ही घाबरलो.

एका शनिवारी काकूंनी मला कुंपणाच्या भिंतीपाशी बोलावलं. हातावर शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि तो सोडलाच नाही.

“आमच्या थोरल्या भावजींचं असंच झालं होतं गं. आधी हातातला जोर गेला. कुणाला सांगितलं नाही. कळलं तवा लई उशीर झाला होता. ह्यांना डॉक्टरकडं चला म्हटलं की अंगावर येतात. तू उद्या जा त्यांच्यासंगट. खेळ बघायचाय म्हण. हात थरथरतो का, दम लागतो का, तेवढं बघून ये. तू बोलत नाहीस, तुझा संशय यायचा नाही.”

मी मान हलवली. मग काकूंनी डबा सोडला.

रविवारी सकाळी माळावर कोवळं ऊन होतं. खलीलभाई बारीक झाले होते, शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. पण आवाज तोच. “क्या अंबादास, आज बेटी को लाया? अकेले हारने में शरम आती क्या?”

“बोल, बोल. बोलायला काय बायपास लागत न्हाय.”

मी काकांचे हात बघत होते. थरथर नव्हती. चढावर ते माझ्या पुढे होते आणि बोलत होते. दम मलाच लागला. पण पहिला फटका कमी गेला, दुसराही कमी गेला. खलीलभाईंचा चेंडूही फार लांब जात नव्हता, तरी तो दर वेळी हातभर पुढे पडत होता. प्रत्येक वेळी ते दोन्ही हात वर करत आणि काका कपाळावर हात मारून घेत.

काकूंना मी काय सांगणार होते?

“अम्मा, सात नंबर दे जरा,” काका म्हणाले. खलीलभाई पुढे जाऊन आपला चेंडू शोधत होते.

काकांनी यंदा प्रत्येक काठीला टॉवेलच्या कापडाची टोपी शिवली होती आणि तिच्यावर लाल दोऱ्यानं आकडा काढला होता. मी सात आकड्याची टोपी शोधून ती काठी ओढली. टोपी निसटून माझ्या हातात आली. काठीच्या लोखंडावर नऊ होतं.

मी बॅगेतली शेजारची टोपी उचलून पाहिली. बाहेर सहा, आत आठ. पलीकडे पाच, आत सात.

काका माझ्याकडे बघत होते. चोरी पकडल्यावर माणूस कसा बघतो, तसे. मग त्यांनी हळूच टोपी माझ्या हातातून घेतली आणि खिशात कोंबली.

“त्याला आता गाडी चालवू देत न्हाईत,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पोरं हाफिसात बसू देत न्हाईत. जिना चढला तरी सून ओरडती. दिवाळीनंतर पहिल्यांदा आला आन् माझ्या लई मागं राहिला. बोलला न्हाई. घरी जाताना म्हणतो, अंबादास, ये काठियां तू रख ले, अब मेरे कू नक्को.” त्यांनी काठी टॉवेलनं पुसली. पुसलेलीच होती, तरी पुसली. “तो यायचा थांबला तर मी भांडायचं कुणासंगट? ह्या शेळ्यांसंगट?”

“पण घरी का...”

“घरी खरं सांगितलं तर काकू फोनवर त्याच्या बायकोला सांगणार. रोज बोलत्यात दोघी. दुपारपर्यंत त्याला कळणार.”

मग त्यांनी सात म्हणवणाऱ्या त्या नऊ नंबरनं, जरा हात आखडून, असा काही सुरेख फटका मारला की चेंडू खलीलभाईंच्या चेंडूच्या बरोब्बर एक लुगडं अलीकडे थांबला. आजारी माणसाला असं थांबवता येत नाही. का कोण जाणे, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी ऊन लागल्यासारखं करून ते पुसलं.

“हौ! फिर आगे!” लांबून खलीलभाई ओरडले.

परतलो तेव्हा काकू फाटकातच उभ्या होत्या. काका बॅग घेऊन माझ्यामागे थबकले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही, थेट मला विचारलं, “काय गं? बघितलंस?”

“काका ठणठणीत आहेत.”

“खोटं सांगू नकोस. त्यांनी शिकवून आणलंय तुला. ठणठणीत हायेत तर सोळाची अकरा का झाली? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेते मी ह्यांना.”

खरं सांगितलं असतं तर काकूंची काळजी तिथेच मिटली असती, आणि दुपारपर्यंत खलीलभाईंना सगळं कळलं असतं. मी मनातल्या मनात सोळाला सहानं गुणलं, नऊनं भागलं. जवळजवळ अकरा आले. जन्मभर मापात बोटाचीही चूक न केलेल्या माणसाची मी मनातच माफी मागितली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “काकू, इतकी वर्षं काका सहावारीनं मोजून नऊवारी सांगत होते. आता खरंच नऊवारीनं मोजतात!”