टोमॅटोसाठी शफीककाका गेले

आमच्या वसाहतीत भाजीवाला आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी इमारतीतल्या बायकांना छातीठोकपणे सांगून बसले होते.

करणार काय? जुनं कैरो सोडून या वाळवंटातल्या नव्या वसाहतीत आलो, तर दुकान म्हणून एकच, विमानतळाएवढं! तिथे टोमॅटो दागिन्यांसारखे मांडलेले आणि भावही दागिन्यांचेच. फेरीवाल्यांना फाटकातून आत यायला बंदी.

मी आमच्या जुन्या गल्लीतल्या भाजीवाल्या झनातीकाकांना फोन केला. बिचारे टेम्पोभर भाजी भरून, वर चादर झाकून हजर! फाटकावर पहारेकरी इद्रीस आडवा आला.

"मॅडम, हे कोण?"

"नातेवाईक," मी त्याला बाजूला घेऊन कुजबुजले. "आमच्या साहेबांचे शफीककाका वारले रे! भेटायला आलेत."

इद्रीसने डोळे पुसत फाटक उघडलं. इथवर झकास! पण हा इद्रीस पडला मायाळू. मी पिशव्या आणायला वर जाऊन येते तोवर त्याने बातमी इमारतभर पोचवली, अंगणात खुर्च्या मांडल्या! भाजीला उतरलेल्या बायका पुन्हा वर गेल्या आणि काळे कपडे घालून आल्या.

"पोरी, फोनवर बोलली का नाहीस?" झनातीकाका टेम्पोतून उतरत म्हणाले. "आणि मी मूर्ख भाजी घेऊन आलो!"

"काका, माझं ऐका तरी..."

"बोलू नकोस. सुतकाच्या दारात धंदा करू होय?"

आणि त्यांनी चादर ओढली! गेलेल्याच्या नावाने दान म्हणून वांगी, टोमॅटो, मुलुखियाच्या पालेभाजीच्या जुड्या वाटत सुटले. बायका डोळे पुसत ओढण्या पसरत होत्या.

तेवढ्यात माझा नवरा रिफअत कामावरून आला.

"कोण गेलं?"

"तुमचे शफीककाका, साहेब!" इद्रीस हुंदका देत म्हणाला.

रिफअत मटकन बसला. "सकाळी तर फोनवर माझ्याशी भांडले!"

मी त्याला जिन्याखाली ओढलं. "रडू नकोस. कुणी गेलेलं नाही. टोमॅटोसाठी मारलं मी त्यांना."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की आता दुसरं सुतक माझंच!

मी धावत बाहेर आले. टेम्पो रिकामा. काका चादरीची घडी घालत होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं खरं सांगून टाकलं आणि त्यांच्या हातात नोटा कोंबल्या.

"म्हणजे माणूस जिवंत आहे?"

"हो, काका."

"देवाची कृपा!" ते म्हणाले. नोटा मला परत दिल्या. "दान केलेल्याचे पैसे घेतात का, पोरी?"

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! त्यांची दिवसभराची कमाई मी बुडवली आणि ते मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तेव्हापासून मी बोलावते, पण ते काही ना काही कारण सांगून टाळतात.

काल वरच्या मजल्यावरच्या बहिगाताई जिन्यात भेटल्या. हातात त्या महागड्या दुकानाची पिशवी, चेहरा उतरलेला.

"इन्शिराह," त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे आणखी कुणी आजारी आहे का गं?"