अठरा मिनिटांचा अभिप्राय

कोणतीही गोष्ट पूर्ण पाहिली की तिच्याविषयी ठाम मत देणं अवघड होऊन बसतं. हे सत्य शासनाने फार पूर्वी ओळखलं, आणि म्हणूनच स्थळपाहणी नावाची पद्धत अस्तित्वात आली. मी चौतीस वर्षं नोकरी केली, आधी ग्रामसेवक आणि मग विस्तार अधिकारी म्हणून. (कोणत्या तालुक्यात, ते सांगणार नाही. तिथल्या कोरड्या विहिरी माझ्या अहवालात अजून तुडुंब भरलेल्या आहेत.) आमची पाहणी ठरलेली असे. जीप गावात शिरायची, सरपंचांच्या ओट्याशी थांबायची, चहा यायचा, आणि चहाबरोबर जी माहिती येईल तिच्यावर ‘प्रत्यक्ष पाहणी केली, काम समाधानकारक आढळले’ असं लिहून आम्ही पुढच्या गावच्या चहाला निघायचो. खरोखर गावभर पायी फिरणारा एक अधिकारी आमच्यात होता. त्याचा एकही अहवाल वेळेत गेला नाही. शेवटी बिचाऱ्याची बदली झाली.

निवृत्त होऊन देवळाली प्रवरात घरी बसलो. मुलीने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, आणि माझ्यातला पाहणी अधिकारी पुन्हा सेवेत रुजू झाला. मी ‘घरबसल्या रसिक मंडळ’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सभासद एकशे शहाऐंशी. घरी पाहिलेल्या चित्रपटांवर आणि मालिकांवर मी त्यात अभिप्राय टाकतो, तोही विहित नमुन्यात, सात रकान्यांचा: नाव, भाषा, कथानक, अभिनय, छायाचित्रण, शेवट आणि शिफारस.

गेल्या सव्वादोन वर्षांत असे १४३ अभिप्राय निर्गमित झाले. त्यांपैकी पूर्ण पाहिलेल्या कलाकृती सात. (त्यातल्या दोन जाहिराती होत्या, असं नंतर कळलं.) सरासरी पाहणी अठरा मिनिटं. घोरण्यास प्रारंभ एकोणिसाव्या मिनिटाला. ही शेवटची माहिती आमच्या मंडळींची, म्हणजे राहीबाईची आहे. ती शेजारी बसून लसूण सोलत सगळं शेवटपर्यंत बघते, म्हणून तिला कुणी अभिप्राय विचारत नाही.

न पाहता लिहायचं म्हणजे लबाडी, असा काहींचा गैरसमज आहे. त्याला अनुभव लागतो. अभिनयाच्या रकान्यात मी कायम लिहितो, ‘वडिलांचे काम करणाऱ्या नटाने भूमिका अक्षरशः जगली आहे.’ वडील कुठल्याही गोष्टीत असतातच. नसले तर कुणी तक्रार करत नाही. छायाचित्रणात, ‘निसर्ग डोळ्यांचे पारणे फेडतो.’ हे वाक्य एकदा तुरुंगातल्या मालिकेला लागलं, तरी अकोल्याच्या एका सभासदाने ‘अगदी मनातलं बोललात’ असं कळवलं. याउलट स्टँडजवळ शिवणकामाचं दुकान असलेले आमचे बाबाजानभाई. हा माणूस चित्रपट संपल्यावरची नावंसुद्धा वाचतो, आणि अभिप्राय काय, तर ‘बघितला. बरा हाय.’ अशा माणसाला ग्रुपमध्ये मान कसा मिळणार?

एवंच, कारभार सुरळीत चालला होता. मग एका गुरुवारी आमच्या ज्ञानेश्वरीचा चित्रपट आला.

ज्ञानेश्वरी आमची एकुलती एक. पुण्यात एका स्टुडिओत दुसऱ्यांचे व्हिडिओ कापायचं आणि जोडायचं काम करते. हे काम मी नोकरीत धरत नाही, कारण त्यात पेन्शन नाही. माझ्या आग्रहाने तिने परीक्षा दिली, आणि माझ्या नवसाने म्हणा की तिच्या हुशारीने म्हणा, पुणे जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून तिची निवड झाली. नेमणुकीचा आदेश हातात आला. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं होतं. मी गल्लीत पेढे वाटून मोकळा झालो होतो. त्यात तिने स्वतः केलेल्या एकेचाळीस मिनिटांच्या चित्रपटाची लिंक सकाळीच आमच्या ग्रुपवर टाकली आणि मला फोनवर म्हणाली, “पप्पा, घाई करू नका. पूर्ण बघा, आणि मगच लिहा. तुमचं मत मला पाहिजे.”

चित्रपटाचं नाव ‘रुजू अहवाल’. नावानेच माझी छाती फुगली. जेवण करून दीड वाजता बसलो. एक मुलगी अभ्यास करते, आतल्या खोलीतून वडील नुसते खोकतात, निकाल लागतो, आदेश येतो, पेढे येतात. पुढचं सांगायला कशाला पाहिजे? मी समाधानाने डोळे मिटले.

तीन वाजता चहा घेऊन अभिप्राय लिहिला. कथानक: प्रेरणादायी. अभिनय: वडिलांचे काम करणाऱ्या नटाने भूमिका अक्षरशः जगली आहे. शेवट: पाहून डोळे भरून आले. मुलीचा निर्णय योग्य असून प्रत्येक मुलीने हेच करावे. शिफारस: पालकांची हरकत नसावी. माझी तर नाहीच.

ग्रुपमध्ये हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. ‘भाऊसाहेब, स्वतःचीच तारीफ!’ असं तिघांनी लिहिलं. मुलीची तारीफ म्हणजे आपलीच, असा अर्थ मी लावला. दहा मिनिटांत ज्ञानेश्वरीचा फोन. रडत होती.

“पप्पा, मला वाटलं होतं तुम्ही घर डोक्यावर घ्याल. तुम्ही नको म्हणाला असता तर मी सोमवारी गेले असते हो, खरंच गेले असते. आता नाही जात. थँक यू पप्पा.”

मी म्हणालो, “हं.”

फोन ठेवला आणि घामाने बनियन ओलं झालं. तेवढ्यात बाबाजानभाई दारात. चित्रपट दोनदा पाहून आले होते. “भाऊसाहेब, सरकारी नोकरी सोडायला पोरीला खुशाल मोकळीक दिली. लई मोठं काळीज लागतं. आमच्याच्यानं झालं नसतं.” असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मी नम्रपणे मान खाली घातली. दुसरीकडे कुठे बघण्याची सोय नव्हती.

ते गेल्यावर राहीबाई लसणाचं ताट बाजूला सारून म्हणाली, “अवो, तुमी झोपल्ता. म्या बघितलंय.”

“मग उठवायचं ना!”

“चौतीस वर्सं कोन उठवीत हुतं?”

आता परिस्थितीचा साकल्याने विचार करणं आलं. मी झोपलो होतो असं सांगितलं, तर पोर सोमवारी हजर होईल, पेन्शन वाचेल. पण मग १४३ अभिप्रायांचं काय? आणि त्या थँक यूचं काय? आजवर मी किमान साडेसहा हजार अहवाल लिहिले. एकालाही कुणी रडून थँक यू म्हटलं नव्हतं. खरं सांगतो, पेन्शनपेक्षा ते परत करायचं जिवावर आलं. शुक्रवार गेला. शनिवार गेला. मी जेवायला बसायचो आणि तसाच उठायचो.

रविवारी दुपारी राहीबाईने रिमोट माझ्या हातात दिला. “पोरीला सांगायचं ते सांगा, न्हाईतर गप बसा. पन आधी बघा तरी.” आणि शेजारी बसून, माझे डोळे लवले की ढोसणी द्यायची, अशी तिने व्यवस्था केली.

विसाव्या मिनिटाला वडील पडद्यावर आले. खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं, बनियनला बगलेत भोक. वडिलांचं काम करणारा नट मीच होतो. दिवाळीत, निवड झाल्यावर, पोरगी मोबाईल घेऊन घरभर फिरत होती, तेव्हाचं ते चित्रण. म्हणजे भूमिकाही मी झोपेत केली, आणि तिचं परीक्षणही झोपेतच. असा कलावंत जिल्ह्यात दुसरा नसावा.

तेहतिसाव्या मिनिटाला ज्ञानेश्वरी स्वतः माझ्या खुर्चीशी येऊन जमिनीवर बसते. नट नाही, पटकथा नाही. माझी पोरगी, माझं घर. म्हणते, “पप्पा, मला ही नोकरी नको. मला भीती वाटते, मी पण न बघता सह्या करायला लागेन.” मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहते. “चालेल ना पप्पा?”

आणि झोपेत मी म्हणतो, “हं.”

ती हसते, डोळे पुसते, माझा खाली पडलेला चष्मा उचलून खुर्चीच्या हातावर ठेवते. राहीबाईला ढोसणी द्यावी लागली नाही. मी टक्क जागा होतो, आणि रडत होतो.

सोमवारी चार वाजता फोन लावला. “ज्ञानू, अजून एक तास आहे. मी गुरुवारी तुझा शेवट बघितला नव्हता. अठराव्या मिनिटाला झोपलो.”

ती हळूच म्हणाली, “म्हणजे तुमचा होकार नव्हताच.”

“तेव्हा नव्हता.”

“आणि दिवाळीत?”

“तेव्हा पण नव्हता. काल बघितला सगळा. आता आहे.”

ती मग म्हणाली, “हे विहित नमुन्यात लिहून पाठवा. सहीसकट.” आणि हसली. पाच वाजले. आमच्या खानदानातली पहिली पेन्शन न मिळणारी मुलगी त्या क्षणी जन्माला आली, आणि मला कसं छान वाटत होतं.

त्याच ओघात मी ग्रुपवर शुद्धिपत्रक टाकलं: ‘सदर चित्रपट मी पाहिला नव्हता. तसेच मागील १४३ पैकी १३६ कलाकृतीही पाहिल्या नव्हत्या. क्षमस्व.’ चार मिनिटांत एकसष्ट प्रतिसाद आले. ‘अप्रतिम’ बावीस, ‘हार्दिक अभिनंदन’ तीस, ‘अगदी मनातलं’ आठ, आणि राळेगणसिद्धीहून एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. बाबाजानभाईंनी तेवढं काही लिहिलं नाही. ते अजून वाचत होते.

तुम्ही हसताय, हसा. पण तुमच्या मोबाईलमध्ये गेल्या महिन्यात घरच्या कुणीतरी काहीतरी लांबलचक लिहून पाठवलेलं आहे. तुम्ही कामात होता, वरच्या दोन ओळी पाहिल्यात, आणि खाली अंगठा दाबून मोकळे झालात. त्या अंगठ्याच्या भरवशावर तिकडे एव्हाना बरंच काही ठरून गेलेलं असेल. काय ठरलं, ते जरा फोन करून विचारून घ्या.