अप्पांचे विलायती चौघे

पाथरीत विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन शिवाप्पांच्या दुकानात गेलात आणि टेप चालू असला, तर बोलायचं नाही. मोटारीवरच बूड टेकायचं आणि गाणं संपायची वाट बघायची. एकेक गाणं सात-सात मिनिटांचं. तिकडे शेतात पाणी खोळंबलेलं, इकडे एक गोरा माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय. तरी शेतकरी बसतात, कारण अप्पांइतकी चोख वाइंडिंग तालुक्यात कोणी करत नाही.

ती कॅसेट त्यांना हैदराबादला काम शिकताना मिळाली. विलायतेतल्या चार गाजलेल्या बँडांतले चौघे आपापला बँड सोडून एकत्र आले, एकच रेकॉर्ड काढली आणि दोन वर्षांत फुटले. एवढीच कारकीर्द. पण अप्पा ती अशी सांगतात, की ज्याला ढोल कुठला नि ताशा कुठला हे बायकोने दाखवावं लागतं तो मीही आ वासून ऐकतो.

"चौघं बी आपापल्या जागी राजे, सर. राजे एका ताटात जेवायलेत, असं कुटं बगितलं का तुमी? हे दोन वरसं जेवले. लय झालं की."

चौघे पुन्हा एकत्र येणार यावर मात्र त्यांचा भरवसा. दर उन्हाळ्यात म्हणायचे, आवंदा जमतंय बघा. मी शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून एकदा मला पत्र लिहायला बसवलं. समोरासमोर बसून बोला, तिकडे जमत नसेल तर पाथरीला या, आम्ही बैठक लावतो, असा मजकूर. उत्तर आलं नाही. तुमचं इंग्रजी त्यांना झेपलं नसंल, असं म्हणून अप्पांनी माझीच समजूत घातली.

गेल्या महिन्यात मोबाइलवर बातमी आली. चौघांतला ड्रमवाला वारला. अप्पांनी सकाळीच शटर ओढलं. मी बायकोला फोनवर सांगितलं की अप्पांचा माणूस गेला. कोण, ते सांगायचं राहून गेलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून दुपारपर्यंत गल्लीतून कडू घासाचे, पिठलं-भाकरीचे सहा डबे पोचले. एकट्याच राहणाऱ्या अप्पांच्या ओसरीवर पंधरा माणसं मान खाली घालून बसली. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

चारच्या सुमाराला जीपमधून अप्पांचे धाकटे भाऊ उतरले, पिंगळीचे मल्लप्पा. दोघांचं बोलणं बारा वर्षं बंद. गेलंय कोण हे कळल्यावर हा गडी आल्या पावली परत जाणार, आणि दोष माझ्या जिभेचा.

मल्लप्पांनी कोण गेलं ते विचारलं. अप्पांनी काही लपवलं नाही. चौघांचं, दोन वर्षांचं, सगळं सांगितलं.

"आता जमायचं न्हाई, मल्लू."

मल्लप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लाव की," ते म्हणाले.

अप्पांनी टेप लावला. भिंती हादरल्या, पंधरा माणसं दचकली. मल्लप्पा मात्र कान देऊन बसले.

"ह्यात त्याचं वाजवणं कोणतं, दादा?"

अप्पांनी भावाच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. गाणं सात मिनिटांचं होतं. मल्लप्पांनी गुडघा हलवला नाही.