फुगा न फोडणारी सुई

जळगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या नानांसमोर पार्सल उघडायची सोय नाही. माझा मिक्सर आला तेव्हा मिक्सर राहिला टेबलावर, आणि नाना त्याच्याभोवतीचं बबल रॅप शालीसारखं दोन्ही हातांवर घेऊन उभे! मी सवयीनं एक फुगा टचकन फोडला, तर माणूस असा कळवळला, जणू मी त्यालाच चिमटा काढला.

"भाऊ, फोडू नको! त्यामा हवा शे, हवा!"

"नाना, हवा बाहेरही आहे की."

"ती मोकाट शे. हाई कामनी शे."

नानांनी जन्मभर टेलरिंग केलं. गेल्या वर्षी त्यांची बायको, आम्हा सगळ्यांच्या अक्का, पडल्या आणि खुबा मोडला. हाडं ठिसूळ झालीत, आता पुन्हा पडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून नानांनी हेच मनावर घेतलंय. अक्कांच्या परकराला खुब्यापाशी आतून फुग्यांचं अस्तर.

पहिला परकर त्यांनी मशीनवर शिवला. एवढा मुरलेला टेलर, पण सुई फुग्यातून जाते हेच विसरला! अस्तर पापडासारखं चपटं झालं. गल्लीभर हसू. मग नानांनी मशीन झाकून ठेवलं आणि हातात सुई घेतली. दोन फुग्यांमध्ये फट ती केवढीशी! तिच्यातून गोधडीसारखा धावता टाका घालत गेले. मी शेजारी बसून पाहत होतो. अख्खी ओळ संपली, एक फुगा फुटला नाही. खोटं कशाला सांगू, माझं तोंड उघडंच राहिलं. असली सफाई मी जन्मात पाहिली नव्हती.

अक्का मात्र वैतागल्या. जळगावचा मे महिना, त्यात अंगाला प्लास्टिक! "मी काय काचनी बरनी शे का?" म्हणायच्या. पण घालायच्या. नानांपुढे न घालून सांगतात कुणाला?

परवा सकाळी त्यांच्या मोरीतून धप्पकन आवाज आला. मी धावलो. अक्का कुशीवर पडलेल्या, नाना दारात थिजलेले.

"लागनं का? सांग ना, लागनं का?"

अक्का भिंत धरून आपल्या आपण उठल्या. "काही नही व्हयनं."

फुग्यांनी वाचवलं की नशिबानं, देव जाणे. मला तर नानांच्या पाया पडावंसं वाटलं.

अक्कांनी परकर बदलला, तसा नाना जुना घेऊन ओट्यावर बसले. एकेक फुगा बोटानं चाचपला. अकरा फुटले होते. "आते दोन थर लावसू," म्हणाले आणि दोरा ओवायला लागले. दोरा काही जाईना. चौथ्या खेपेला सुई मांडीवर ठेवून ते ढसाढसा रडायला लागले.

अक्का हळूहळू येऊन शेजारी टेकल्या. सुई उचलली, दोरा ओवला, त्यांच्या हातात दिली.

"शिवा आते. मी आठेच शे, तुमना शेजारी."