पोरगी भात करपवते

लोधिवलीच्या सौमित्र प्रधान सरांनी एका रविवारी बारावीच्या मुलांना रिझ्युमे लिहायला शिकवण्यासाठी घरी बोलावलं आणि तिथून सगळं बिनसत गेलं. शाळेत बोलावलं असतं तर निदान बायकोदेखत शोभा झाली नसती.

सर इंग्रजी शिकवत आणि रागवत. यातलं दुसरं त्यांना जास्त चांगलं जमे. कुणी पंखा चालू ठेवून गेलं तरी कान लाल, एसटी वेळेवर आली तरी कान लाल (एरवी कुठे मेली होती?). पण या वेळचा राग खरा होता. रसायनीतली एक कंपनी दरवर्षी बारावीची दोन मुलं प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून घेई, पगार देई आणि वर डिप्लोमाची फीसुद्धा भरे. त्यासाठी एका पानाचा रिझ्युमे मागवी. आणि दरवर्षी ती दोन्ही मुलं पनवेलची निघत.

"कंपनीला जमिनी कुणाच्या गेल्या? यांच्या आजोबांच्या! भोंगा कोण ऐकतं? आपण! आणि नोकरीला पनवेल?" सर हे रोज जेवताना म्हणत. त्यांच्या पत्नी आसावरीताई म्हणत, "अहो, आमटी निवतेय."

यंदा सरांच्या मनात प्राची होती. पोरगी केमिस्ट्रीत वर्गात पहिली. पण ही जागा मिळाली नाही तर काका तिला पोल्ट्रीच्या नव्या शेडवर कायमची बसवणार आणि शिक्षण बंद, हे घरात ठरलेलंच होतं. सरांना नुसती कोंबडी दिसली तरी हल्ली संताप येई.

तर रविवारी सरांच्या हॉलमध्ये पोरं सतरंजीवर बसली. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'मला काय काय येतं'. अर्ध्या तासाने कागद गोळा केले. सगळे कोरे. ओमकारने तेवढी तळाशी सही केली होती.

"प्राची, तुला काय येतं?"

"काय नाय सर."

"घरी काय करतेस?"

"काय नाय. पोल्ट्रीचं बघते."

"म्हणजे काय बघतेस?"

"पिल्लं येतात ना सर, त्यांना ऊब लागते. थर्मामीटर बघून दिवे वर-खाली करायचे. औषध मापानं पाण्यात घालायचं. मेली किती, वजन किती, ते लिवायचं."

"अगं मग हे लिही की!"

"त्यात काय लिवायचं सर? आपल्याच तोंडानं आपलं कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?"

बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. सरांचे कान पेटले. "बरं दिसत नाही? ठीक आहे! तुमच्या तोंडाने नको ना? घरच्यांच्या तोंडाने आणा! हा कागद घरी न्या. आमच्या मुलामुलीत काय गुण आहेत ते मोठ्या माणसांनी लिहायचं आणि खाली सही-अंगठा करायचा. उद्याच्या उद्या!"

पोरं गेल्यावर आसावरीताई चहाचे कप उचलताना म्हणाल्या, "हे काही बरं केलं नाहीत तुम्ही. आपल्या पोराचं कौतुक कुणी परक्याला लिहून देतं का?"

"तुला रिझ्युमेतलं काय कळतं?"

"रिझ्युमेतलं नाही कळत. माणसांतलं कळतं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर घरी येऊन कागद वाचायला बसले. पहिलाच कागद ओमकारच्या वडिलांचा. 'ओमकार आळशी आहे. पाणी मारल्याशिवाय उठत नाही. हाणलात तरी आमची हरकत नाही.' दुसऱ्या पोराच्या आईने लिहिलं होतं, 'डोकं जेमतेम आहे, खातो मात्र भरपूर.' आणि प्राचीच्या आजीने, अंबूबाईने, पोरीकडूनच लिहून घेतलं होतं (आणि त्या गुणी पोरीने सुवाच्य अक्षरात ते लिहिलंही होतं), 'पोरगी तोंडाळ आहे. भात करपवते. एक काम धड नाही. तरी पदरात घ्या.' खाली अंगठा.

सरांनी स्कूटरला अशी किक मारली की शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या आळीत गेलं.

अंबूबाई अंगणात वाल सोलत होती. "या सर, बसा. पानी आन गं प्राची."

"पाणी नको! आजी, हे काय लिहून दिलंत? प्राचीला काही येत नाही?"

"येतं की. समदं येतं. घर तिच्यावर हाय."

"मग ते का नाही लिहिलं?"

अंबूबाईने कीव आल्यासारखं सरांकडे पाहिलं. "सर, तुमी शिकलेलं मानूस. परक्याला लिवून द्यायाचं व्हय पोरीचं कवतिक? नजर नाय लागायची?"

"कंपनीची कसली नजर लागते हो?"

"कंपनीत मानसंच हायत ना? धाकली सून आली तवा तिचा बाप म्हनला, पोरीला काय येत नाय, सांबाळून घ्या. आठवड्यात घर चालवाया लागली. थोरलीचा बाप म्हनला, माजी पोर लय हुशार." अंबूबाईने तोंड वाकडं केलं. "तिला आजून चूल पेटवता येत नाय."

सर ओरडले. "तुम्हाला कळतंय का पोरीचं वाटोळं होतंय ते? जन्मभर कोंबड्यांत राहील ती!" प्राची पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाहून सरांना स्वतःचाही राग आला, आणि एकदम दोन राग आवरणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ते तडक घरी आले.

मग त्यांनी एकटाकी सगळ्यांचे रिझ्युमे स्वतःच लिहून काढले. फर्ड्या इंग्रजीत. आळशी ओमकार त्यात पहाटे उठू लागला. जेमतेम डोक्याचा पोरगा नेतृत्व करू लागला. सगळेच मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर झाले. आसावरीताईंनी चार पानं वाचून पाहिली. "अहो, ही सगळी एकाच आईची लेकरं वाटतायत. आणि यात प्राची कुठली?"

"मधे बोलू नकोस!" म्हणून सरांनी स्टेपलर उचलला. कुणाचा रिझ्युमे कुणाचा, याचा घोळ होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या मागे त्याच्या घरचा कागद आधीच लावून ठेवला होता. मनातला सगळा संताप त्यांनी त्या स्टेपलरवर काढला, खाट खाट खाट, आणि गठ्ठा पाकिटात कोंबून सकाळी कंपनीच्या गेटवर देऊन आले.

संध्याकाळी आसावरीताईंनी सहज विचारलं, "ते घरचे कागद कुठे ठेवलेत? मुलांना परत द्यायला हवेत ना?"

सरांचे कान त्या दिवशी पहिल्यांदाच पांढरे पडले.

दुसऱ्या दिवशी सर रजा टाकून गेटवर हजर. वॉचमन म्हणाला, "आत गेलेला कागद भायेर येत नाय." सर म्हणाले, "मीच दिलाय!" वॉचमन म्हणाला, "द्यायाचा नव्हता." मग सर जे ओरडले ते पलीकडच्या कॅन्टीनमध्ये ऐकू गेलं. आतून एक तरुण बाई बाहेर आल्या. भरतीचं काम पाहणाऱ्या तेजश्री मॅडम.

"तुम्हीच का प्रधान सर?" त्या हसू दाबत म्हणाल्या. "उद्या त्या प्राचीला घेऊन या."

रात्रीच सरांनी ठरवून ठेवलं की पायाच पडायचं, पण पोरीची संधी घालवायची नाही. मुलाखतीला प्राची खुर्चीच्या टोकावर बसली. मॅडमनी सरांचा इंग्रजी कागद एकदाच पाहिला आणि उलटून ठेवला.

"काय गं, तू भात करपवतेस?"

सर तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम पुन्हा म्हणाल्या, "आजी म्हणते एक काम धड नाही. मग आमच्या प्रयोगशाळेत तू काय करणार?"

प्राचीने मान वर केली. पोरीचे कान लाल झालेले सरांनी आयुष्यात प्रथमच पाहिले.

"करपंल नाय तर काय! भात चुलीवर असतो तवाच लाइट जाते! लाइट गेली का पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात, खालची गुदमरून मरतात. मी भात बघू का शेगड्या पेटवू? मागच्या पावसाळ्यात काकाच्या शेडवर रोग आला, माझ्या शेडवर नाय आला, का नाय आला ते इचारा! पाण्यात औषध मी स्वतः मोजते, कुनाला हात लावू देत नाय. रोजचं टेंपरेचर लिवलेलं हाय माझ्याकडं. आन म्हनं एक काम धड नाय!"

मॅडम पुढे सरकून बसल्या. कुठलं औषध, किती पाण्यात, तापमान किती, का, असं विचारत गेल्या आणि प्राची तावातावाने सांगत गेली. (तोंडाळपणाही त्या निमित्ताने सिद्ध झाला.) सरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांचे डोळे मात्र उगीच भरून आले.

प्राची लागली. जाताना मॅडम म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी फक्त मागचाच कागद पाठवा. पुढच्याची तसदी घेऊ नका."

हे सरांनी गिळलं. पोरगी लागली होती ना, मग गिळलं. पण संध्याकाळी अंबूबाई टोपलीभर वाल घेऊन दारात आली आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "समद्या गावाला सांगितलं मी, मास्तर काय कामाचा नाय, नुस्ता आरडतो!"

ती गेल्यावर सर झोपाळ्यावर जोरजोरात झोके घेत बसले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"आसावरी, अगं, आत्ता कळलं! नजर लागू नये म्हणून म्हणाली ती तसं. हे कौतुक आहे माझं!"

आसावरीताई वाल निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अहो, नजर लागायला आधी काहीतरी असावं लागतं."